आल्प्सच्या बर्फातील चार गावे

दरवर्षी जानेवारी उजाडला की वर्तमानपत्रांत दावोसचे नाव झळकू लागते. आपल्या राज्याचे मुख्यमंत्री तेथे जातात, उद्योगपतींबरोबर सामंजस्य करार होतात आणि हजारो कोटींचे आकडे पहिल्या पानावर छापून येतात. ज्या मंचाच्या बैठकीसाठी ही सारी धावपळ चालते, त्याची पहिली बैठक दावोसला १९७१ साली भरली. परंतु बैठकीचे ते मोजके दिवस सोडले तर दावोस म्हणजे स्वित्झर्लंडमधील एक बर्फाचे गाव आहे. तेथे लहान-थोर माणसे पायाला लांब पट्ट्या बांधून डोंगरावरून घसरत खाली येतात. त्या पट्ट्यांना स्की म्हणतात आणि या खेळावरच आल्प्स पर्वतातील शेकडो गावांचे पोट चालते.

गेल्या हिवाळ्यात ही गावे पाहण्याची संधी आम्हास मिळाली. आमचे धाकटे बंधू झुरिकजवळ अभियंता म्हणून नोकरीस आहेत. मुक्काम त्यांच्या घरी आणि बाहेरगावी दोन-दोन रात्री स्वस्त वसतिगृहात, अशा व्यवस्थेमुळेच हा प्रवास कारकुनाच्या पगारात बसला. आम्ही उभयता व दोन मुले मिळून दावोस, झरमॅट, ऑस्ट्रियातील सँक्ट अँटोन आणि फ्रान्समधील शामोनी अशी चार ठिकाणे पाहिली. तिन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो.

या गावांची तुलना करणारी रंगीत माहितीपत्रके तेथे स्टेशनवर फुकट मिळतात. कोणत्या गावी किती किलोमीटर उतार, किती केबल कार, किती उंची, हे सर्व त्यांत असते. ते ज्यांना हवे त्यांनी जरूर वाचावे. आमची मोजपट्टी थोडी वेगळी होती. हॉटेलात भांडी घासणारा माणूस रात्री कोठे झोपतो? साध्या घरचे पोर हा खेळ शिकू शकते काय? आणि एके काळी या डोंगरावर येण्यास कोणाला मनाई होती? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना पाणवठ्यावर आणि देवळाच्या पायरीवर अडवले गेले, त्यांच्या लेकरांना हे प्रश्न आपोआप सुचतात. त्यात आमचे विशेष काही नाही.

प्रथम खर्चाविषयी. एका दिवसाच्या लिफ्टच्या पासाला मोठ्या गावी माणशी आपले सात ते दहा हजार रुपये पडतात. स्की, बूट व काठ्या यांचे भाडे वेगळे आणि शिकवणाऱ्याची फी त्याहून वेगळी. स्वित्झर्लंड सर्वांत महाग. ऑस्ट्रिया आणि फ्रान्स त्या मानाने बरे. उतारांना रंग दिलेले असतात. निळा सोपा, तांबडा मध्यम आणि काळा अवघड. फ्रान्समध्ये निळ्याच्याही खाली हिरवा रंग असतो, तो अगदी नवशिक्यांसाठी. ही हिरव्या रंगाची माया आम्हास फार आवडली. आम्ही संपूर्ण प्रवासात दोनच दिवस स्की भाड्याने घेतल्या, एकदा सँक्ट अँटोनला आणि एकदा शामोनीला.

दावोस १५६० मीटर उंचीवर आहे. आल्प्समधले गाव म्हणजे उतरत्या छपरांची लाकडी घरे, असे चित्र आपल्या डोक्यात सिनेमाने बसवलेले असते. दावोसची छपरे मात्र सपाट आहेत आणि इमारतींना दक्षिणेकडे तोंड केलेले लांबच लांब सज्जे आहेत. हे सज्जे क्षयरोग्यांसाठी बांधलेले होते. अलेक्झांडर श्पेंगलर नावाचे एक डॉक्टर १८४८ च्या जर्मन क्रांतीत भाग घेतल्यामुळे परागंदा झाले आणि १८५३ साली या आडगावी नोकरीस आले. गावात क्षय आढळत नाही हे त्यांच्या लक्षात आले. पुढे युरोपभरचे श्रीमंत रोगी येथे येऊन कांबळी पांघरून उन्हात पडून राहू लागले. थॉमस मान यांची गाजलेली ‘मॅजिक माउंटन’ ही १९२४ ची कादंबरी याच वातावरणावर आहे. औषधे निघाल्यावर रोगी येईनासे झाले आणि त्या आरोग्यधामांची हॉटेले झाली. आपल्या गिरणगावात त्याच काळात दहा बाय दहाच्या खोलीत क्षयाने किती माणसे गेली असतील! त्यांना ना सज्जा, ना ऊन. असो.

दावोसला आम्ही स्कीच्या वाटेस गेलोच नाही, तर घसरगाडी घेतली. लाकडी पट्ट्यांची बसकी गाडी, तिला ‘दावोस गाडी’ असेच नाव आहे. १८८३ साली येथून शेजारच्या क्लोस्टर्स गावापर्यंत घसरगाड्यांची पहिली आंतरराष्ट्रीय शर्यत झाली होती. भाडे थोडे, शिकण्याची गरज नाही, आणि आई-मुलाने एकाच गाडीवर बसून किंचाळत खाली यावे. कुटुंबासाठी याहून चांगला सौदा आल्प्समध्ये नाही.

पण याच घसरगाडीच्या संबंधात दावोसची एक गोष्ट सांगणे भाग आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये दावोसच्या एका डोंगरावर साहित्य भाड्याने देणाऱ्या ठिकाणी हिब्रू भाषेत पाटी लावण्यात आली होती, की काही प्रकार घडल्यामुळे यापुढे ज्यू पाहुण्यांना साहित्य भाड्याने मिळणार नाही. काही जणांच्या वागण्याबद्दल तक्रार होती, ती खरी असेल वा नसेल. पण दंड मात्र साऱ्या समाजाला. देशभर गवगवा झाला, पोलिसांनी चौकशी सुरू केली आणि पाटी निघाली. त्या ज्यू पाहुण्याला ती वाचताना काय वाटले असेल, हे आम्हास कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

झरमॅटचे सौंदर्य शब्दांत मावणारे नाही, हे आधीच कबूल करतो. गावाच्या माथ्यावर मॅटरहॉर्न हा ४४७८ मीटरचा सुळका एकटाच, मान थोडी वाकडी करून उभा आहे. गावात पेट्रोलच्या मोटारींना बंदी आहे. त्या ताश या खालच्या गावी ठेवायच्या आणि आगगाडीने बारा मिनिटांत वर यायचे. रस्त्यावर विजेवर चालणाऱ्या डब्यासारख्या छोट्या गाड्या तेवढ्या फिरतात. हवा इतकी स्वच्छ, की आमच्या आयुष्मतींचा जुना खोकला तीन दिवसांत थांबला. १८९८ पासून चालू असलेली दातेरी रुळांची गाडी ३०८९ मीटरवरच्या गोर्नरग्राटला नेते. तिचे तिकीट काढताना हात थोडा आखडला, पण वरून चहूबाजूंची शिखरे पाहिल्यावर पैसे वसूल झाले.

या गावची खरी कथा हॉटेलवाल्या अलेक्झांडर झायलर यांची आहे. हे गृहस्थ त्याच जिल्ह्यातले, फक्त दुसऱ्या खोऱ्यातले. त्यांनी झरमॅटला हॉटेले चालवली, जगभरचे पाहुणे आणले, गरीब धनगरांच्या गावाला पैसा दाखवला. पण गावची जंगले आणि कुरणे सामाईक मालकीची, आणि त्यांत वाटा फक्त जुन्या मूळ घराण्यांचा. झायलर यांनी त्या पंचायतीत सामील करून घ्या असा अर्ज केला, तर गावाने साफ नाही म्हटले. वर्षानुवर्षे भांडण चालले आणि १८८९ साली वरच्या सरकारच्या निर्णयाने त्यांना तो हक्क मिळाला. दोन वर्षांनी ते वारले. आजही ही मूळ घराण्यांची पंचायत आहे, तिची स्वतःची हॉटेले आहेत आणि केबल कारच्या कंपनीत तिचा हिस्सा आहे. कोणी म्हणेल, गावाची संपत्ती गावाच्या हाती राहिली, परक्या भांडवलदाराच्या घशात गेली नाही, हे चांगलेच झाले. ते आम्हालाही पटते. पण जन्मावर ठरणारा हक्क पाहिला की आमचे कान टवकारतातच.

आता भांडी घासणाऱ्यांविषयी. झरमॅटला खोल्या झाडणारे, स्वयंपाकघरात राबणारे, रस्त्यावरचे बर्फ उचलणारे कामगार मोठ्या संख्येने पोर्तुगालहून आलेले आहेत. वसतिगृहातल्या एका पोर्तुगीज ताईंशी आमच्या आयुष्मतींची खाणाखुणांनी आणि मोडक्या इंग्रजीने मैत्री झाली. वर भाडे परवडत नाही म्हणून त्या खाली ताशला राहतात आणि पहाटेच्या गाडीने कामावर येतात. मुले तेथील शाळेत जातात, हे त्यांनी दोनदा सांगितले. दोनदा का, ते बंधूंनी परतीच्या गाडीत उलगडून सांगितले.

स्वित्झर्लंडमध्ये १९३४ पासून २००२ पर्यंत हंगामी कामगारांचा एक कायदा होता. इटली, स्पेन, युगोस्लाव्हिया, पोर्तुगाल येथून कामगार आणायचे. त्यांनी वर्षातले नऊ महिने काम करायचे आणि परत जायचे. बायको-मुले आणायची नाहीत. सरहद्दीवर कपडे उतरवून तपासणी व्हायची. राहायला बराकी. तरीही पोटच्या पोराला सोडून राहवत नसे, म्हणून अनेकांनी मुले चोरून आणली आणि खोलीत कोंडून ठेवली. आवाज करायचा नाही, खिडकीशी जायचे नाही, शाळा नाही. अशा मुलांना तेथे ‘कपाटातली मुले’ म्हणतात. आज ती माणसे साठी-सत्तरीची झाली असून उघडपणे बोलू लागली आहेत. ज्या बोगद्यांतून, रस्त्यांवरून आणि हॉटेलांतून जगाने स्वित्झर्लंडचे कौतुक केले, त्यांना या लोकांचे हात लागलेले आहेत. मराठवाड्यातून कोयता घेऊन सहा महिने ऊसतोडीला जाणारी जोडपी आणि त्यांच्या मागे वस्तीवर राहिलेली पोरे आम्ही जवळून पाहिली आहेत. त्यामुळे नऊ महिन्यांचा हा हिशेब आम्हाला परका वाटला नाही.

झुरिकहून सँक्ट अँटोनला आगगाडीने अडीच तास लागतात आणि स्टेशन थेट गावात आहे. गाव लहान, १३०० मीटर उंचीवर. अर्लबर्गच्या घाटाखालून १८८४ साली रेल्वेचा बोगदा झाला आणि या कोपऱ्यातल्या गावाला जग दिसले. येथेच हान्नेस श्नायडर यांनी स्की शिकवण्याची पद्धत बसवली. आधी स्कीची टोके जवळ आणि मागची बाजू फाकवून नांगरासारखा आकार करायचा, त्याने वेग मरतो; मग एका पायावर भार टाकून वळायचे; मग हळूहळू दोन्ही स्की समांतर आणायच्या. आजही सारे जग याच क्रमाने शिकते. आमच्या मास्तरांनीही ‘नांगर, नांगर’ असेच ओरडून शिकवले. आमची कन्या दुपारपर्यंत निळ्या उतारावर सरळ उतरू लागली. चिरंजीव पडत होते, हसत होते, पुन्हा उठत होते. आमच्या स्वतःच्या गुडघ्यांनी मात्र अकरा वाजताच रजेचा अर्ज दिला. खेळाच्या दृष्टीने विचाराल तर चार गावांत शिकायला उत्तम हेच, कारण शिकवण्याची परंपरा येथील हाडात मुरलेली आहे.

परंतु आम्ही मुद्दाम येथे आलो ते रुडोल्फ गोम्पर्ट्झ यांच्यासाठी. व्हिएन्नाला १८७८ साली जन्मलेले हे अभियंते १९०५ साली प्रकृती सुधारण्यासाठी येथे आले आणि येथलेच झाले. श्नायडर यांनी स्की शिकवली, तर गोम्पर्ट्झ यांनी गाव जगाला ओळखीचे केले. जाहिरात, पाहुण्यांची व्यवस्था, स्पर्धा, आणि १९३७ साली सुरू झालेली गाल्झिग डोंगराची केबल कार, या सर्वांमागे त्यांची खटपट होती. त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता. ते ख्रिस्ती म्हणून जगत होते. पण जन्म ज्यू वंशातला. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि नव्या राजवटीने धर्माचा दाखला बाजूला सारून वंशाचा दाखला मागितला. ज्या गावाला त्यांनी मोठे केले, त्या गावात ते अस्पृश्य झाले. त्यांच्या पत्नीने मुलांना वाचवण्यासाठी लिहून दिले, की ही मुले यांची नव्हेतच. एका आईला आणि पत्नीला असे लिहून द्यावे लागले, आणि मुले वाचली. १९४२ साली गोम्पर्ट्झ यांना व्हिएन्नाला नेण्यात आले आणि मे महिन्यात तेथून पूर्वेकडे पाठवून मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तिनेत्स येथे ठार मारण्यात आले. त्यांचे मित्र श्नायडर यांनाही १९३८ मध्येच अटक झाली होती, कारण ते नाझींपुढे वाकले नाहीत. १९३९ साली त्यांना अमेरिकेला जाता आले. गोम्पर्ट्झ यांना कोणी नेले नाही.

धर्म बदलला तरी जन्म उकरून काढणारे लोक आपल्याला ठाऊक आहेत. बौद्ध झालो, नाव बदलले, घरातले देव नदीत सोडले, तरी ‘पण मूळचे कोण?’ हा प्रश्न भाड्याने खोली पाहताना आजही येतो. म्हणून त्या गावात फिरताना आमचे मन खेळात फारसे रमले नाही.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे विष हिटलरने आणून ओतले असे नव्हे. बाबासाहेब लंडनला शिकत होते त्या काळात, १९२१ साली, तेथील गिर्यारोहक मंडळाच्या व्हिएन्नातील मोठ्या शाखेने ज्यूंना सभासद करायचे नाही असा नियम केला. तेव्हा ज्यूंनी व त्यांच्या मित्रांनी ‘डोनाउलांड’ ही आपली वेगळी शाखा काढली, तर १९२४ साली त्या शाखेलाच मंडळाबाहेर काढले. डोंगरातल्या काही विश्रांतिगृहांवर ज्यूंनी येऊ नये अशा पाट्या लागल्या. १९२४ म्हणजे महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव कागदावर घातला ते साल. तेथे डोंगर बंद होत होता. येथे तळे कागदावर उघडून प्रत्यक्षात बंदच होते आणि १९२७ साली बाबासाहेबांना ओंजळीने ते उघडावे लागले.

सँक्ट अँटोनला गोम्पर्ट्झ यांचे स्मारक झाले ते १९९५ साली, मृत्यूनंतर त्रेपन्न वर्षांनी. त्याआधी १९८७ साली फेलिक्स मिटरर या नाटककाराने त्यांच्या जीवनाच्या आधारे नाटक लिहिले आणि तेथील लोकांना बोलणे भाग पडले. आम्ही स्मारकापुढे मुलांना ही सर्व हकीकत सांगितली. कन्येने विचारले, गावातल्या कोणीच काही केले नाही का? स्की शिकवणारे इतके धट्टेकट्टे लोक होते, त्यांनी डोंगरातल्या वाटेने स्वित्झर्लंडला का नाही पोहोचवले? सरहद्द खरोखरच लांब नाही. आम्ही गप्प राहिलो.

शामोनी हे चारांत सर्वांत गजबजलेले आणि सर्वांत मोकळे. १९२४ सालचे पहिले हिवाळी ऑलिंपिक येथे झाले. उंची फक्त १०३५ मीटर, पण डोक्यावर माँ ब्लाँ हे आल्प्सचे सर्वोच्च शिखर. उतार एके ठिकाणी नाहीत, दरीच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले आहेत, आणि एकीकडून दुसरीकडे जायला बस लागते. मुक्काम करणाऱ्या पाहुण्यांना कार्ड मिळते, त्यावर दरीतली बस आणि आगगाडी फुकट. शिवाय फ्रान्समध्ये आपला डबा खाण्यासाठी उताराच्या पायथ्याशी खोली ठेवलेली असते. तेथे आम्ही थालीपीठ आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. शेजारच्या फ्रेंच आजोबांनी घास चाखून डोळ्यांत पाणी आणले व पुन्हा हात पुढे केला.

साध्या घरच्या मुलांचा प्रश्न या देशाने थोडा तरी हाताळला, असे आम्हास वाटले. १९५३ साली पॅरिसलगतच्या व्हांव्ह येथील शाळेतल्या मुलांना शिक्षकांसह, वह्या-पुस्तकांसह, आल्प्समधल्या ला फेक्लाझ येथे नेण्यात आले. सकाळी अभ्यास आणि दुपारी बर्फ. त्यातून ‘बर्फाचे वर्ग’ देशभर पसरले. दुसरे उदाहरण उलटे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर साव्हॉय जिल्ह्याच्या सरकारने स्वतः पुढाकार घेऊन, सामान्य जनतेला परवडावे या हेतूने, मोकळ्या माळावर कुर्शव्हेल हे गाव वसवले. त्याचा आराखडा करणारे लोराँ शापी हे युद्धकैदी असताना छावणीत या विषयावर विचार करत होते. आज तेच कुर्शव्हेल जगातल्या अब्जाधीशांचे आवडते ठिकाण आहे. आम्ही तेथे गेलो नाही. गेलो असतो तरी चहा परवडला नसता.

भारतीय माणसाला शामोनी आणखी एका कारणाने जड जाते. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान जिनिव्हाला उतरण्यापूर्वी माँ ब्लाँवर आदळले. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. हे पुष्कळांना माहीत असते. पण त्याआधी ३ नोव्हेंबर १९५० रोजी त्याच डोंगरावर एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमानही कोसळले होते. त्यातल्या ४८ जणांपैकी बहुतेक प्रवासी इंग्लंडला जहाजावर कामासाठी निघालेले खलाशी होते. त्यांची नावे कोणाच्या ओठावर नाहीत. त्यांच्या शोधासाठी निघालेल्या पथकातील रने पायो हा शामोनीचा वाटाड्याही बर्फात गेला. कोण कुठला खलाशी, कोण कुठला वाटाड्या! बोसाँ ही हिमनदी दोन्ही विमानांचे अवशेष अजूनही थोडे थोडे खाली आणून सोडते. २०२० साली तिच्यातून १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रे निघाली. इंदिरा गांधी पंतप्रधान होणार असल्याची बातमी त्यांवर वाचता येत होती.

आमच्या भगिनींसाठी एक नाव नोंदवून ठेवतो. माँ ब्लाँवर चढलेली पहिली स्त्री १८०८ साली गेली. ती कोणी उमरावीण नव्हती. शामोनीच्या खानावळीत काम करणारी मोलकरीण होती, मारी पारादी तिचे नाव.

येथील ‘बर्फाचा समुद्र’ नावाची हिमनदी पाहायला शंभर वर्षांहून जुनी छोटी आगगाडी जाते. खाली हिमनदीकडे उतरताना वाटेत सालांच्या पाट्या आहेत. अमुक साली बर्फ येथवर होता, तमुक साली तेथवर. शेकडो पायऱ्या उतरत गेलो आणि साले पुढे सरकत गेली. ज्या सालात आम्ही नोकरीला लागलो त्या पाटीपाशी उभे राहून खाली पाहिले, तर बर्फ कुठल्या कुठे खोल गेलेला. खालच्या उतारांवर तोफांनी बनवलेला बर्फ उडवतात, तरी दोन्ही बाजूंना तपकिरी गवत उघडे दिसते. शंभर वर्षांत ज्यांना प्रथमच डोंगराचे दार उघडले, त्यांची मुले वर पोहोचेपर्यंत बर्फ शिल्लक राहील काय, असा विचार मनात आला.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुलांना शिकवायचे तर सँक्ट अँटोन, पैसे जपून हिंडायचे तर शामोनी, डोळ्यांचे पारणे फेडायचे तर झरमॅट, आणि लहान मूल किंवा म्हातारी आई बरोबर असेल तर दावोस व घसरगाडी. जाड कपडे विकत घेऊ नयेत, ओळखीच्यांकडून मागून आणावेत. उन्हाचा काळा चष्मा विसरू नये, बर्फावरचे ऊन डोळे जाळते.

परतण्याच्या आदल्या दिवशी झुरिकजवळच्या रिकॉन गावी गेलो. तेथे स्वयंपाकाची भांडी बनवणाऱ्या कारखान्याच्या मालक बंधूंनी १९६४ साली तिबेटी निर्वासित कुटुंबांना काम आणि घरे दिली. त्या कामगारांसाठी पुढे गावाबाहेर रानाच्या कडेला बौद्ध विहार उभा राहिला, तो १९६८ पासून आहे. आम्ही तेथे त्रिशरण-पंचशील म्हटले. आमचे उच्चार पाली, त्यांची परंपरा तिबेटी, पण बुद्धमूर्तीपुढे कोणालाच अडचण आली नाही. बाहेर एक भन्ते पायऱ्यांवरचे बर्फ फावड्याने बाजूस करत होते. चिरंजिवांनी भिंतीला टेकवलेले दुसरे फावडे उचलले. झुरिकहून रिकॉनला जाताना विंटरथूरला गाडी बदलावी लागते, आणि स्टेशनपासून विहारापर्यंत चढ आहे.